६,००० जनुकं, ८६ अब्ज चेतापेशी आणि जोड्यांचा हिशेब

यीस्टची एक पेशी साधारण ५ मायक्रोमीटर रुंद असते. १ मिलिमीटरच्या रेघेवर अशा २०० पेशी ओळीनं मावतात. पाव फुगवणारी आणि द्राक्षाच्या रसाची वाइन करणारी ती हीच. गोव्यातले पोदेर पूर्वी पावाच्या पिठात माडाची सूर घालत, तीही हिच्याचसाठी. पोषण चांगलं मिळालं तर यीस्ट दर दीड तासाला दुप्पट होतं. एका पेशीपासून सुरुवात केली आणि अन्न-जागा कुठेच कमी पडू दिली नाही, तर २४ तासांत ६५,५३६ पेशी होतील आणि ४८ तासांत ४ अब्जांहून जास्त. सदतिसाव्या दुपटीला, म्हणजे साडेपंचावन्न तासांनी, हा आकडा ८६ अब्जांच्या पलीकडे जाईल. प्रौढ माणसाच्या मेंदूत सरासरी ८६ अब्ज चेतापेशी असतात. ब्राझीलमध्ये सुझाना हर्कुलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्या मोजल्या.

पेशींच्या संख्येत यीस्ट मेंदूला अडीच दिवसांच्या आत गाठू शकतं. म्हणजे मेंदूचं मोठेपण नुसत्या संख्येत नाही. खरी दमछाक होते ती नाती मोजताना: कोणतं जनुक कोणत्या जनुकाला सांभाळून घेतं, मेंदूचा कोणता भाग कोणत्या भागाशी जोडलेला आहे. यीस्टचं जनुकशास्त्र आणि मेंदूचं चित्रण या एकमेकांपासून फार दूरच्या वाटणाऱ्या दोन्ही क्षेत्रांना गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हाच डोंगर चढावा लागला आहे.

आधी यीस्ट. १९९६ मध्ये त्याचा संपूर्ण जीनोम वाचून झाला. युरोप, अमेरिका, कॅनडा आणि जपानमधल्या सुमारे ६०० शास्त्रज्ञांनी मिळून ते काम केलं. १६ गुणसूत्रं, डीएनएची सुमारे १ कोटी २० लाख अक्षरं आणि जवळपास ६,००० जनुकं. ज्यांच्या पेशीत केंद्रक असतं अशा सजीवांमधला हा पूर्ण वाचलेला पहिला जीनोम. माणसाच्या जीनोममध्ये सुमारे ३१० कोटी अक्षरं आहेत, म्हणजे यीस्टच्या अडीचशे पटींहून जास्त. प्रथिनं बनवणारी जनुकं मात्र २०,००० च्या आसपास, म्हणजे जेमतेम सव्वातीन-साडेतीन पट.

मग प्रश्न आला की यातलं कोणतं जनुक काय करतं. उत्तर शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी एकेका वाणातून एकेक जनुक काढून टाकलं. काढलेल्या जागी २० अक्षरांची खुणेची पट्टी बसवली, म्हणजे हजारो वाण एकाच भांड्यात वाढवले तरी कोणता तगला आणि कोणता मागे पडला हे नेमकं कळावं. २००२ पर्यंत जवळपास सगळ्या जनुकांचे असे वाण तयार झाले. निकाल चकित करणारा होता. ज्यांच्यावाचून यीस्ट जगूच शकत नाही अशी जनुकं सुमारे ११०० निघाली. उरलेल्या जवळपास पाच हजारांपैकी कोणतंही एक काढलं, तरी प्रयोगशाळेतल्या सुखाच्या अन्नावर यीस्ट जगत राहिलं. ती जनुकं निरुपयोगी मुळीच नव्हती. एकाची उणीव दुसरं भरून काढत होतं. म्हणजे एकेक जनुक काढून भागणार नव्हतं, जोडीजोडीनं काढायला हवं होतं.

६,००० जनुकांच्या जोड्या होतात १ कोटी ८० लाख. टोरोंटो विद्यापीठातले चार्ल्स बून आणि ब्रेंडा अँड्र्यूज, तसंच मिनेसोटा विद्यापीठातले चॅड मायर्स यांच्या गटांनी हे काम हाती घेतलं. यंत्रमानव यीस्टच्या वाणांचे ठिपके एकमेकांशी संकरित करत राहिले आणि प्रत्येक ठिपका किती वाढला याचं माप घेतलं गेलं. काही जोड्या एकाहून जास्त प्रकारे तपासल्या गेल्यामुळे २०१६ पर्यंत २ कोटी ३० लाखांहून अधिक दुहेरी वाण तयार झाले. त्यातून जवळपास ९ लाख नाती हाती लागली. सुमारे साडेपाच लाख नात्यांमध्ये दोन्ही जनुकं एकदम गेल्यावर अपेक्षेहून जास्त नुकसान झालं आणि सुमारे साडेतीन लाख नात्यांमध्ये अपेक्षेहून कमी.

आता तीन-तीन जनुकं एकत्र काढायची म्हटली तर? शक्यता होतात ३६ अब्ज. सेकंदाला एक या वेगानं, अहोरात्र न थांबता, तपासायला ११४० वर्षं लागतील. याच गटांनी २०१८ मध्ये निवडक १,९५,६६६ तिहेरी वाण तपासल्याचं प्रसिद्ध केलं. म्हणजे दर १ लाख ८४ हजार शक्यतांमागे एक. हा एका पेशीच्या सजीवाचा हिशेब आहे.

या साऱ्याचा आपल्या मेंदूशी थेट संबंध आहे. यीस्टचे आणि माणसाचे पूर्वज सुमारे १ अब्ज वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरीही २०१५ मध्ये टेक्सास विद्यापीठात यीस्टच्या ४१४ अत्यावश्यक जनुकांच्या जागी माणसाची जनुकं घालून पाहिली, तेव्हा जवळपास निम्म्या ठिकाणी यीस्ट जगलं. रँडी शेकमन यांनी यीस्ट पेशीतली मालवाहतूक बंद पाडणारी २३ जनुकं १९८० पर्यंत हुडकली होती. त्याच घराण्यातली यंत्रणा आपल्या चेतापेशींत एका पेशीचा रासायनिक निरोप दुसरीकडे सोडते. म्हणून २०१३ चं नोबेल शेकमन, जेम्स रॉथमन आणि चेतापेशींवर काम करणारे थॉमस स्यूडोफ यांना मिळून दिलं गेलं. पार्किन्सनच्या आजारात मेंदूत साचणारं अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन सुझन लिंडक्विस्ट यांच्या प्रयोगशाळेनं २००३ मध्ये यीस्टमध्येच घालून अभ्यासलं.

आता मेंदू. फंक्शनल एमआरआयमध्ये मेंदूचं चित्र छोट्या घनांचं बनतं. या घनाला वॉक्सेल म्हणतात. निकोस लोगोथेटिस यांनी २००८ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार साधारण ५५ घन मिलिमीटरच्या एका वॉक्सेलमध्ये ५५ लाख चेतापेशी, २२ ते ५५ अब्ज सिनॅप्स म्हणजे चेतापेशींमधले जोड आणि २२० किलोमीटर लांबीचे अॅक्सॉन म्हणजे चेतातंतू असतात. पुण्याहून कोल्हापूर जवळपास तेवढंच लांब आहे, आणि एवढी लांबी हरभऱ्याच्या दाण्याहूनही लहान जागेत बसलेली. पडद्यावर तो सगळा पसारा एकच ठिपका म्हणून दिसतो. त्यातही एमआरआयला चेतापेशीचा संदेश दिसतच नाही. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे त्याला रक्तातल्या प्राणवायूचा फरक दिसतो. चेतापेशीचा एक संदेश १ मिलिसेकंदाचा असतो, तर रक्तातला फरक टिपेला पोहोचायला पाच-सहा सेकंद लागतात.

अमेरिकेतल्या ह्यूमन कनेक्टोम प्रकल्पात मेंदू ९१,२८२ बिंदूंमध्ये मांडला जातो. या बिंदूंच्या जोड्या होतात ४१६ कोटी. धोका इथेच आहे. हजारात एकदा निव्वळ योगायोगानं चुकेल अशी कसोटी लावली, तरी ९१ हजार बिंदूंमध्ये नव्वदएक ठिकाणी नसलेलीच हालचाल दिसू शकते. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेलेला सामन मासा एमआरआय यंत्रात ठेवला आणि त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली. आकड्यांची योग्य दुरुस्ती केली नाही तेव्हा त्या मेलेल्या माशाच्या मेंदूतही ‘प्रतिसाद’ मिळाला. दुरुस्ती केल्यावर तो नाहीसा झाला.

मेंदूची रचना आणि माणसाची बुद्धी किंवा स्वभाव यांची सांगड घालणं तर आणखी अवघड. २०२२ मध्ये स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५०,००० माणसांची माहिती तपासली. अशी नाती इतकी क्षीण निघाली, की ती भरवशानं पकडायला हजारो माणसं लागतात. त्या वेळी मेंदूचित्रणाच्या एका अभ्यासातल्या माणसांची मध्यक संख्या होती २५. ब्रिटनमधल्या यूके बायोबँकनं २०२५ मध्ये १ लाख स्वयंसेवकांचं स्कॅनिंग पूर्ण केलं, त्यामागची गरज हीच.

आणि अगदी जवळून पाहिलं तर? हार्वर्ड आणि गूगलच्या गटानं २०२४ मध्ये माणसाच्या मेंदूच्या १ घन मिलिमीटर तुकड्याचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं काढलेलं चित्र प्रसिद्ध केलं. त्यात सुमारे ५७,००० पेशी आणि १५ कोटी सिनॅप्स होते. माहिती भरली १.४ पेटाबाइट, म्हणजे १४ लाख गिगाबाइट. सबंध मेंदूत असे बारा-तेरा लाख तुकडे आहेत.

यीस्टमधलं जनुक आपण काढून पाहू शकतो. जिवंत माणसाच्या मेंदूतला तुकडा कुतूहलापोटी काढता येत नाही, येऊही नये. म्हणून तिथे आपल्याकडे मोठं साधन एकच उरतं: स्वतःहून पुढे आलेली भरपूर माणसं आणि सर्वांसाठी खुली ठेवलेली माहिती. बुद्धीचं जनुक सापडलं, प्रेमाची जागा मेंदूत दिसली, अशा बातम्या यापुढेही येत राहतील. एका पेशीच्या यीस्टमध्ये ९ लाख नाती निघतात, तिथे माणसाच्या बुद्धीचं एकच जनुक कसं असेल? अशी बातमी वाचाल तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा: किती माणसं तपासली आणि दुसऱ्या कुणाला तोच निकाल मिळाला का? या दोन्हींची उत्तरं बातमीत नसतील, तर तिच्यावर विश्वास ठेवायची घाई करू नका.