पावसाचा वास

बँकेत असताना टेम्पो-रिक्षांची कर्जे मी शेकड्यांनी मंजूर केली. गाडी मात्र कागदावरच पाहायचो. आर. सी. बुक, विमा, इंजिनाचा नंबर जुळला की माझे काम संपले. त्यामुळे निवृत्तीनंतर स्वतःच्या पैशांनी जुनी गाडी घ्यायची वेळ आली, तेव्हा मला जरा गुर्मीच होती.

गाडी म्हणजे फिरते घर. मिनीबसमध्ये पलंग, ओटा, बेसिन, एवढेसे न्हाणीघर. राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा हा शब्द आमच्या घरात शिरला. (मोटारीमागे ओढायचा ट्रेलर आपल्याकडे विरळाच.) हिच्या गुडघ्यांना लॉजचे जिने झेपत नाहीत आणि नर्मदाकाठ पाहायची इच्छा तर फार जुनी. अशी एक गाडी वैभववाडीत विकाऊ असल्याचे कळले. किंमत सात लाख. आमच्या ठेवीतला मोठाच लचका.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी कणकवलीहून निघालो. ओळखीचा फिटर बरोबर होता. कागद मी पाहिले. कर्जाचा बोजा उतरवलेला होता. बसचे घर केले त्याला आर.टी.ओ.ची मंजुरीही होती. ती नसेल तर गाडी कितीही देखणी असो, हात लावू नये. सारे चोख. मनातल्या मनात मी सहीसुद्धा केली.

फिटरने कागदांकडे ढुंकून पाहिले नाही. तो टायरशी ओणवा झाला. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे होते २३१६. नक्षी शाबूत, पण रबर २०१६ सालचे! उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात.

मग करूळ घाटाची चार वळणे चढून-उतरून आलो. क्लच, ब्रेक ठीक. परतल्यावर त्याने पलंगावरच्या कपाटात डोके घातले आणि मला हाक मारली.

''काका, वास घेवा.''

फिनेल, नवा रंग आणि त्याखाली भिजल्या पोत्यासारखे काहीतरी.

''ह्यो पावसाचो वास.''

एसीसाठी छताला भोक पाडले होते. त्याच्या कडेचे सील सुटले की पाणी अस्तरामागून उतरते आणि प्लायवूड आतल्या आत कुजते. बाहेरून काही दिसत नाही. त्याने अंगठा दाबला. कोपऱ्यातली फळी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी आत गेली. पलंगाजवळची जमीनही पायाखाली दबत होती.

''दुरुस्तीला किती?'' मी विचारले.

''उघडल्याबिगर कसो सांगू?''

आकडा नसलेला खर्च मी नोकरीत कधी कुणाला मंजूर केला नव्हता. मालक पन्नास हजारांनी उतरला, मग ऐंशी. माणूस लबाड वाटला नाही. त्यानेही बहुधा माझ्यासारखे कागदच पाहून घेतली असावी. मी नाही म्हटले. पडद्यांच्या मापासाठी हिने घरून टेप आणली होती. ती तिने पर्समध्ये परत टाकली.

तळेऱ्यापर्यंत ही गप्प होती. तिथे चहाला थांबलो तेव्हा म्हणाली, ''पुढची गाडी जुलैत बघू. भर पावसात.''