पाणी तापतं म्हणजे काय होतं? कुशावर्त आणि मागच्या अंगणातलं तळं

मागच्या खेपेला आपण 'स्वभाव' या शब्दापाशी थांबलो होतो. आज तोच धागा पुढे न्यायचा आहे, पण उदाहरण घेणार आहोत पोहण्याच्या तलावाचं. काहींना ते व्याख्यानाला शोभणारं वाटणार नाही. त्यांनी थोडा धीर धरावा.

आमच्या पुतण्याने त्र्यंबक रोडला, अंजनेरीच्या अलीकडे, घर बांधलं आणि मागच्या अंगणात पोहायला छोटं तळं केलं. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे 40 हजार लिटर पाणी. एप्रिलात नातवंडं सुट्टीला आली, दुपारी पाण्यात उतरली आणि लगेच बाहेर. "आजोबा, हे तर आंघोळीचं पाणी आहे!" पुतण्या बर्फाच्या लाद्या मागवायला निघाला होता. जाता जाता थट्टेने म्हणाला, "काका, तुमच्या तत्त्वज्ञानात यावर काही आहे का?"

आता गंमत अशी, की आहे. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' आम्ही वर्षानुवर्षं शिकवला. न्याय-वैशेषिकांच्या मते स्पर्श तीन प्रकारचा: शीत, उष्ण आणि दोन्ही नसलेला. शीत स्पर्श पाण्याचा, उष्ण तेजाचा. पृथ्वी आणि वायू यांचा तिसरा. मग गरम पाणी गरम का लागतं? तर ती उष्णता पाण्याची नव्हेच, त्यात शिरलेल्या तेजाची. तेज निघून गेलं की पाणी आपल्या स्वभावावर येतं.

आजचं भौतिकशास्त्र हे मानत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. उष्णता हा पदार्थ नव्हे, आणि थंडपणा हा पाण्याचा खास गुणही नव्हे. पण प्रश्न विचारायची ती रीत फार कामाची आहे. 'पाणी थंड कसं करू?' असं विचारलं की माणूस बर्फवाल्याकडे जातो. 'यात तेज शिरतं कुठून, आणि त्याला बाहेर जायला वाट आहे का?' असं विचारलं की माणूस आधी वर आभाळाकडे बघतो.

हिशेब करून बघू. 40 हजार लिटर पाणी एक अंशाने उतरवायला साधारण पावणेचारशे किलो बर्फ लागेल. एका अंशाला! उलट, एप्रिलच्या निरभ्र दिवशी आपल्याकडे चौरस मीटरमागे सहा-साडेसहा युनिट ऊन पडतं. या तळ्याचा पृष्ठभाग 32 चौरस मीटर, म्हणजे दिवसाला सुमारे 200 युनिट. ते सगळं पाण्यात मुरलं, तर एका दिवसात पाणी चार अंशांहून जरा अधिक तापेल. म्हणजे सकाळी दीड टन बर्फ ओतला तरी संध्याकाळी हिशेब पुन्हा शून्यावर. पुतण्याने लाद्यांचा नाद तिथेच सोडला.

मग रोज चार अंश वाढून पाणी उकळत का नाही? कारण बाहेर जायची वाट उघडी असते, आणि ती आपल्या घरातल्या माठाचीच वाट आहे. एक लिटर पाण्याची वाफ होते तेव्हा ते मागे राहिलेल्या जवळजवळ 580 लिटर पाण्याला एक अंशाने उतरवून जातं. हवा कोरडी असेल तर हे जोरात चालतं. नाशिककडे एप्रिलच्या दुपारी पारा 38 वर असला आणि हवेत दमटपणा वीसेक टक्के असला, तर सावलीत टांगलेलं ओलं फडकं 21 अंशांच्या आसपास उतरतं. कोकणात हा खेळ जमत नाही; म्हणून तिकडचा माठ आपल्या माठाइतकं पाणी गार करत नाही. दुसरी वाट आभाळाची. निरभ्र रात्री पाणी आपली उष्णता वर सोडत राहतं. रॉबर्ट बार्कर या इंग्रजाने 1775 साली लिहून ठेवलंय, की अलाहाबादेत थंडीच्या रात्री उथळ मातीच्या भांड्यांत पाणी ठेवून बर्फ धरत असत. यंत्र नाही, काही नाही.

आता कुशावर्तावर चला. आम्ही लहानपणी तिथे भर उन्हाळ्यात उतरलोय, आणि अंगावर आलेला काटा अजून आठवतो. कुशावर्त जमिनीच्या पातळीखाली आहे, चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, भोवती ओवऱ्या. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन भिंती अडवतात. आणि जमिनीत काही मीटर खाली गेलं की वर्षाच्या सरासरीइतकंच तापमान राहतं, मे असो की डिसेंबर. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट लागतं ते याचमुळे. पुतण्याचं तळं मात्र निम्मं जमिनीच्या वर, पश्चिमेला मोकळं. पंपाचे पाइप फरशीवरून उन्हातून फिरवलेले, म्हणजे तेजाला आपणच बोलावून आणलं.

उपाय मग साधे होते. तळ्यावर दोन-अडीच मीटर उंचीवर शेडनेट बांधलं, नर्सरीवाले लावतात तेच. उंच अशासाठी, की खालून वारा खेळला पाहिजे. पाइप मातीत पुरले. पंप दुपारऐवजी रात्री, आणि परतीचं पाणी कारंज्यासारखं उडवायचं. पारदर्शक निळं आच्छादन दुकानदार गळ्यात मारत होता. ते पाणी तापवण्यासाठी असतं, थंडीच्या देशांत. एक सांभाळायचं: कारंज्याने पाण्याचा सामू वाढतो आणि ऊन क्लोरीन खातं, तेव्हा दोन्ही वरचेवर तपासायला हवं.

इथे विषय संपला असता. पण पुतण्याची बायको म्हणाली, "वाफ होते ते पाणी जातं ना, काका?" जातं. उघड्या तळ्यातून अशा दिवसांत सहा-आठ मिलिमीटर सहज उडतं. म्हणजे रोज सव्वादोनशे लिटरच्या घरात. जल जीवन मिशनचं माप माणशी 55 लिटर आहे. चार माणसांचं पाणी. आणि हा त्र्यंबकेश्वर तालुका: पावसाळ्यात धो धो कोसळतो, नि मे महिन्यात डोंगरावरच्या पाड्यांतल्या बाया हंडे घेऊन विहिरीत उतरतात. कारंजं उडवून गारवा मिळवायचा, तर तो या पाण्याने विकत घ्यायचा असतो. रात्री झाकण घातलं तर पाणी वाचतं, पण उष्णताही आत कोंडते. सावलीचं तसं नाही. ती तेजालाच दारात अडवते, म्हणून पाणीही कमी उडतं. दोन्हीकडून जमा.

पुतण्याने यंदा सावली ठेवली आहे आणि कारंजं फक्त नातवंडं येणार असतील त्याच्या आदल्या रात्री. पाणी कुशावर्तासारखं नाही, पण मुलं तासभर बाहेर येत नाहीत. पुढच्या वर्षी पश्चिमेला करंजाची झाडं लावायची म्हणतोय.

पुढच्या वेळी 'उपाधी' हा शब्द घेऊ. आता कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.