चर्च-संगीतप्रमुख

ख्रिस्ती उपासनेतील गायकवृंदास शिक्षण देणारा, त्याचे संचालन करणारा आणि ऑर्गनवादनाची जबाबदारी स्वतः वाहणारा अथवा तीवर देखरेख ठेवणारा संगीतकार. देश व पंथ यांनुसार या पदाला निरनिराळ्या संज्ञा आहेत : जर्मनीतील ल्यूथरपंथीय चर्चमध्ये ‘कांटोर’, इटलीत ‘माएस्त्रो दी कापेल्ला’, फ्रान्समध्ये ‘मेत्र द शापेल’, इंग्लंडमधील कॅथीड्रलांत ‘ऑर्गनिस्ट अँड मास्टर ऑफ द कॉरिस्टर्स’ आणि गोव्यात ‘मेस्त्रे’. ‘कांटोर’ हा शब्द ‘गायक’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला आहे. मराठीतील ‘मेस्त्री’ हा शब्द आणि गोव्यातील ‘मेस्त्रे’ यांचे मूळ एकच, म्हणजे ‘गुरू’ वा ‘कसबी धनी’ या अर्थाचा पोर्तुगीज शब्द होय.

पूर्वपीठिका : मध्ययुगीन मठांतून व कॅथीड्रलांतून दिवसाच्या ठराविक प्रहरी प्रार्थना गाऊन म्हटल्या जात. स्वरलेखन अपुरे असल्याने ही गाणी गुरुमुखातूनच शिकावी लागत. अकराव्या शतकाच्या प्रारंभी ग्वीदो दारेत्सो या इटालियन मठवासीयाने रेषांवर स्वर मांडण्याची पद्धती सुधारली व स्वरांना अक्षरनामे दिली. गायकाला पूर्वी दहा वर्षे लागत ते शिक्षण आता फार तर दोन वर्षांत पुरे होते, असा त्याचा दावा होता. पाश्चात्त्य संगीताची स्वरलिपी अशा रीतीने गायकमुलांना शिकविण्याच्या निकडीतून विकसित झाली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

इंग्लंडमधील सॉल्झबरीसारख्या कॅथीड्रलांत संगीताचा अधिकारी ‘प्रिसेंटर’ हा असून त्याचा दर्जा मुख्य धर्माधिकाऱ्याच्या, म्हणजे ‘डीन’च्या, खालोखाल असे. डीनच्या बाजूला बसणारे गायक ते ‘डिकेनाय’ व समोरच्या प्रिसेंटरच्या बाजूचे ते ‘कँटोरिस’ ही नावे आजही रूढ आहेत. अनेक स्वरावली एकाच वेळी गुंफणारे बहुस्वरी संगीत पुढे प्रचारात आले. त्यासाठी व्यावसायिक कौशल्याची आवश्यकता भासू लागली आणि प्रत्यक्ष शिकविण्याचे काम पगारी संगीतकाराकडे गेले. पद धर्माधिकाऱ्याचे व काम संगीतकाराचे, ही विभागणी तेव्हापासूनची असून या दोहोंमधील तणाव या पेशाच्या इतिहासात वारंवार दिसून येतो.

कार्याचे स्वरूप : उपासनेच्या वार्षिक क्रमानुसार संगीत निवडणे, मुलांचे आवाज पारखणे व घडविणे, सराव घेणे आणि प्रसंगी नवी रचना करणे ही संगीतप्रमुखाची मुख्य कामे होत. मुलांचा आवाज वयात येताना फुटत असल्याने वृंदाचा वरचा स्वर दर काही वर्षांनी नव्याने उभारावा लागतो.

ऑर्गनवादकाच्या अडचणी वेगळ्या असतात. हातांसाठी एकाहून अधिक स्वरपट्ट्या, पायांसाठी स्वतंत्र पट्ट्या आणि नळ्यांचे गट चालू-बंद करणाऱ्या खुंट्या यांवर त्याला एकाच वेळी लक्ष ठेवावे लागते. पुष्कळदा वादकाची पाठ गायकांकडे असते, म्हणून समोर आरसा लावतात. अलीकडे चित्रपडदाही वापरतात. नळ्या दूर असल्यास स्वर क्षणभर उशिरा ऐकू येतो, दगडी वास्तूत तो काही सेकंद घुमत राहतो आणि सभाजन स्वभावतः मागे रेंगाळतात. अशा वेळी कानाला ऐकू येणाऱ्या गायनामागे गेल्यास लय मंदावत जाते. वादकाला आपली लय मनाशी धरून पुढे जावे लागते. विजेवरील पंखे येण्यापूर्वी भाते हलविण्यासाठी माणसे लागत. त्यामुळे एकट्याने सराव करणेही वादकास सहज शक्य नसे.

लाइपसिकचे कांटोर : ल्यूथरपंथाने सभाजनांच्या सामूहिक गायनाला उपासनेत महत्त्वाचे स्थान दिले. गावातील लॅटिन शाळेचा शिक्षक व चर्चचा संगीतप्रमुख ही दोन्ही कामे कांटोरकडे आली. या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध पद लाइपसिक येथील सेंट टॉमस चर्चचे होय. तेथील गायकवृंदाची परंपरा १२१२ पर्यंत मागे जाते. योहान हेर्मान शाइन (कार. १६१६–३०) व योहान कूनाउ (कार. १७०१–२२) हे येथील नामवंत कांटोर. कूनाउच्या मृत्यूनंतर नगरपरिषदेने प्रथम टेलेमानची निवड केली. परंतु हँबर्गने वेतन वाढविल्याने तो तेथेच राहिला. ग्राउप्नरला डार्मस्टाटच्या अधिपतीने सोडले नाही. त्यानंतर एप्रिल १७२३ मध्ये योहान झेबास्टिआन बाख (१६८५–१७५०) याची नेमणूक झाली.

तत्पूर्वी आर्नश्टाट येथे ऑर्गनवादक असताना (१७०३–०७) बाखने चार आठवड्यांची रजा घेऊन बुक्सटेहूडचे वादन ऐकण्यासाठी ल्यूबेक गाठले आणि तो सु. चार महिन्यांनी परतला. अधिकाऱ्यांनी त्याला या विलंबाचा जाब विचारलाच. शिवाय स्तोत्रगीतांच्या साथीत तो अनोळखी स्वर मिसळतो व त्यामुळे सभाजन गोंधळतात, असाही ठपका ठेवला. ल्यूबेकचे पद मिळविण्याची वाटही सरळ नव्हती. बुक्सटेहूडने आपला पूर्वाधिकारी टुंडर याच्या मुलीशी विवाह केला होता आणि आपल्या जागी येणाऱ्याने आपल्या मुलीशी विवाह करावा, अशी त्याची अपेक्षा होती. हँडल व माटेझोन हे १७०३ मध्ये तेथे जाऊन रिकामेच परतले.

लाइपसिक येथे बाखला शाळेत शिकविणे आणि चार चर्चना गायक पुरविणे ही कामे होती. ऑर्गनवादक निराळे असत. पहिल्या काही वर्षांत त्याने जवळजवळ दर रविवारी नवा कँटाटा सादर केला; सेंट जॉन पॅशन (१७२४) व सेंट मॅथ्यू पॅशन (१७२७) या रचनाही याच काळातील होत. मात्र साधने तुटपुंजी होती. ऑगस्ट १७३० मध्ये नगरपरिषदेला सादर केलेल्या निवेदनात त्याने शाळेतील मुलांची प्रतवारी दिली आहे : १७ उपयोगी, २० अद्याप तयार न झालेले व १७ निरुपयोगी. प्रत्येक वृंदात किमान १२, शक्य तर १६ गायक असावेत आणि १८ ते २० वादक मिळावेत, ही त्याची मागणी होती. त्याच वर्षी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात आपले उत्पन्न सु. ७०० टालर असल्याचे तो सांगतो. त्याचा मोठा भाग लग्ने व अंत्ययात्रा यांतील दक्षिणेचा असल्याने, शहराची हवा निरोगी राहिली की प्राप्ती घटते, अशी त्याची तक्रार होती. वृंदनायक विद्यार्थी नेमण्याचा अधिकार कोणाचा, यावरून १७३६ मध्ये त्याचा मुख्याध्यापक एर्नेस्टी याच्याशी दीर्घ वाद झाला. बाख हयात असतानाच, जून १७४९ मध्ये, त्याच्या जागेसाठी हारर याची परीक्षा घेण्यात आली. शाळेला शिकविणारा कांटोर हवा, दरबारी संगीतनायक नको, असा विचार बाखच्या मृत्यूनंतर परिषदेत व्यक्त झाला. आज जगभर गायिल्या जाणाऱ्या संगीताचे मूल्यमापन त्या काळी शाळेच्या सोयीच्या मापाने झाले, हे यावरून दिसते. हे पद अद्याप चालू असून २०२१ मध्ये आंद्रेआस राइत्से या स्विस संगीतकाराची त्यावर नेमणूक झाली.

इंग्लंड व फ्रान्स : विल्यम बर्ड हा १५६३ पासून लिंकन कॅथीड्रलमध्ये, तर हेन्री पर्सेल हा १६७९ ते १६९५ या काळात वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये ऑर्गनवादक होता. एकोणिसाव्या शतकात कॅथीड्रलांतील संगीताची अवनती झाली. पाच ठिकाणी काम केलेल्या सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्ली याने १८४९ मध्ये पुस्तिका लिहून अपुरे गायक व तुटपुंजे वेतन यांवर टीका केली. व्यवसायाचा दर्जा राखण्यासाठी १८६४ मध्ये ऑर्गनवादकांचे महाविद्यालय स्थापन झाले. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधील नाताळपूर्व स्तोत्रगायनाचा कार्यक्रम १९१८ मध्ये सुरू झाला व १९२८ पासून नभोवाणीमुळे तो घरोघरी पोहोचला. शतकानुशतके मुलांपुरत्या मर्यादित असलेल्या कॅथीड्रल-वृंदांच्या क्षेत्रात सॉल्झबरी येथे १९९१ मध्ये मुलींचा स्वतंत्र वृंद निघाला. पुढे संगीतप्रमुखपदी स्त्रियांच्याही नेमणुका होऊ लागल्या.

फ्रान्समधील मोठ्या चर्चमध्ये मुख्य ऑर्गन पश्चिमेकडील सज्जात व साथीचा लहान ऑर्गन गायकांजवळ असतो. त्यामुळे वादक व वृंदप्रमुख ही पदे बहुधा वेगळी राहिली. मुख्य ऑर्गनवर उत्स्फूर्त वादन करण्याची कला तेथे विशेष बहरली. पॅरिसमधील सें-स्यूल्पीस येथे व्हीडॉरने १८७० ते १९३३ अशी ६३ वर्षे, तर ला त्रिनिते येथे मेसियाँने १९३१ पासून सहा दशके सेवा केली.

गोवा व महाराष्ट्र : पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चना जोडून विद्यालये निघाली. तेथे मेस्त्रे मुलांना धर्मशिक्षणाबरोबर स्वरवाचन, गायन व व्हायोलिन शिकवी. रविवारचा मिस्सा, लेंतच्या उपवासकाळातील ‘मोतेत’, घरोघरी क्रुसापुढे गायिली जाणारी ‘लदिन’, सणाची मिरवणूक व अंत्यविधी या सर्वांचे संगीत त्याच्याकडे असे. गावातील गरीब मुलालाही विनामूल्य स्वरलिपी वाचता येऊ लागे, हा या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ. याच शिदोरीवर गोमंतकीय वादक लष्करी बँड, संस्थानिकांचे वाद्यवृंद आणि मुंबईचे चित्रपटसंगीत यांत शिरले. माजोर्डा येथील चर्चच्या वृंदप्रमुखाचे पुत्र अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे मुंबईत वाद्यवृंदसंयोजक म्हणून प्रसिद्धीस आले. प्यारेलाल व राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य होत. विसाव्या शतकात ही विद्यालये क्षीण होत गेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांना वाव दिल्यावर लॅटिन गायनाची जागा कोंकणी स्तोत्रांनी घेतली. सभाजनांचा सहभाग वाढला. मात्र मेस्त्रेच्या हाताखाली होणारे नियमित शिक्षण मागे पडले. कला अकादमीसारख्या संस्थांनी पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण चालू ठेवले असले, तरी ते गावोगावच्या चर्चशाळांइतके सर्वदूर पोहोचणे कठीण असते.

महाराष्ट्रातील मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वेगळी वाट रुळली. कृष्णराव रत्नाजी सांगळे व नारायण वामन टिळक यांच्या पदांमुळे उपासनेत देशी चाली रुजल्या. तेथे पेटी व तबल्याच्या साथीने पद सुरू करणारा गायक हाच बहुधा संगीतप्रमुख असतो. ऑर्गन व चार स्वरांची मांडणी येथे अनिवार्य नाही. परंतु जमलेल्या सर्वांना एका सुरात व एका लयीत गावयास लावणे, हे या पदाचे मूळ कार्य येथेही तेच आहे.