बिनवायरचे ड्रिल : कारागिराचा हिशेब

आजच्या युगास यंत्रयुग म्हणतात. या युगाचे वारे मोठ्या शहरांतून देगलूरसारख्या तालुक्याच्या गावी आणि तेथून खेड्यापाड्यांत येऊन पोहोचले आहे. बलुतेदारीच्या काळी सुताराची हत्यारे म्हणजे वाकस, रंधा, पटाशी, करवत आणि भोक पाडण्यास गिरमिट. ती बापाकडून मुलाकडे जात. आज सुतार असो, इलेक्ट्रिशियन असो की फॅब्रिकेशनवाला, त्याच्या पिशवीत बॅटरीवर चालणारे ड्रिल दिसते. हे हत्यार वारशाने मिळत नाही. पैसे मोजून किंवा उधारीवर आणावे लागते. म्हणून ते कसे निवडावे, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

मी एका सुताराची मुलगी. बाबांच्या कामाची वही दहावीपासून माझ्याकडे आहे. मागे त्यांनी एका दुकानातून स्वस्तातले ड्रिल आणले. सातव्या महिन्यात, ऐन लग्नसराईत, त्याची बॅटरी गेली. चार्जरवर हिरवा दिवा लागे, पण दहा-बारा स्क्रू मारले की मशीन थंड. दुकानदार म्हणाला, "तशी बॅटरी आता येत नाही, नवा सेटच घ्या." पक्के बिल नव्हते, त्यामुळे बोलणेच खुंटले. वहीत चार दिवसांची मजुरी कोरी राहिली. बाबा एवढेच म्हणाले, "माय, मशीनचं काही नाही. गिऱ्हाईकाला तारीख दिलती." ज्याचे पोट हातावर आहे, त्याचे नुकसान हत्याराच्या किमतीएवढेच नसते, हे यावरून ध्यानात यावे.

आता मूळ विषयाकडे वळू. बॅटरीचे ड्रिल ही तशी नवी वस्तू नव्हे. ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीने निकेल-कॅडमियम बॅटरीचे ड्रिल १९६१ साली बाजारात आणले. १९७१ साली अपोलो १५ च्या चांद्रवीरांनी चंद्राची जमीन भेदली, तीही बॅटरीच्याच ड्रिलने. पुढे लिथियम-आयन बॅटरी आली आणि हत्यार हलके झाले. या बॅटरीच्या संशोधनासाठी तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुकानात प्रथम दिसतो तो व्होल्टचा आकडा, आणि गिऱ्हाईक फसते तेही तेथेच. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा असतो. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. हेच सेल पूर्ण भरलेले असताना प्रत्येकी चार व्होल्टच्या थोडे वर जातात, म्हणून कोणी त्याच बॅटरीवर २० छापतो, कोणी २१. तिन्ही एकच! काही स्वस्त सेटवर ४८ किंवा ८८ असे आकडे असतात. आत सेल पाचच असले, तर तो आकडा निव्वळ जाहिरातीचा समजावा.

व्होल्टइतकाच महत्त्वाचा दुसरा आकडा म्हणजे अँपिअर-अवर. दोहोंचा गुणाकार केला की बॅटरीत साठलेली शक्ती वॅट-अवरमध्ये कळते. १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे ३६. आणि ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२. व्होल्ट म्हणजे मोटेच्या पाण्याचा जोर मानला, तर वॅट-अवर म्हणजे विहिरीतले एकूण पाणी. नुसता जोर पाहून विहीर घेऊ नये.

याच गणिताने बॅटरीचे हत्यार कोठे वापरावे तेही कळते. ७२ वॅट-अवरच्या बॅटरीवर ७२० वॅट ओढणारा ग्राइंडर पूर्ण भाराने चालवला, तर ती सहा मिनिटांत रिकामी होईल. तेव्हा ग्राइंडर, कटर आणि सिमेंट-काँक्रीट फोडणारा हॅमर वायरचाच बरा. त्यातच देगलूर, बिलोली भागात ग्रॅनाइटचा कठीण दगड आहे. त्यापुढे बॅटरीचे छोटे ड्रिल टिकाव धरत नाही. उलट बिजागऱ्या बसवणे, स्क्रू मारणे, शिडीवर चढून भोक पाडणे, किंवा मीटर न बसलेल्या नव्या घरात काम करणे, येथे बॅटरीचे ड्रिल खरे उपयोगी. निव्वळ फर्निचरच्या कामास १२ व्होल्टचे हलके ड्रिलही पुरते आणि मनगट दुखत नाही.

मोटर दोन प्रकारची असते. जुन्या पद्धतीच्या मोटरीत कार्बन ब्रश असतात. ते झिजतात, पण बदलताही येतात. ब्रशलेस मोटरीत झिजणारा ब्रश नसतो आणि तेवढ्याच बॅटरीत काम जास्त होते. मात्र किंमत अधिक. रोज काम असेल त्याने ब्रशलेस घ्यावी. आठवड्यातून दोनदा लागणाऱ्याने ब्रशवाली घेऊन वाचलेल्या पैशांत दुसरी बॅटरी घ्यावी, हे माझे मत.

कारण खरा खर्च बॅटरीचा आहे. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला सहसा बसत नाही. बॉशच्या १८ व्होल्टच्या हिरव्या घरगुती आणि निळ्या व्यावसायिक बॅटऱ्यासुद्धा एकमेकींच्या जागी चालत नाहीत. म्हणून ड्रिल घेताना "याची सुटी बॅटरी मिळते का? केवढ्याला? दुरुस्ती नांदेडला होते की हैदराबादला पाठवावी लागते?" हे तीन प्रश्न आधी विचारावेत. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! बॅटरीवर आयएस १६०४६ आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे की नाही, तेही पाहावे.

आता हिशेब. समजा, एक ड्रिल २,५०० रुपयांचे आहे आणि वर्षभर टिकते. दुसरे ७,००० रुपयांचे आहे, पाच वर्षे टिकते आणि मध्ये ३,००० रुपयांची एक बॅटरी लागते. पहिल्याचा खर्च वर्षाला २,५००. दुसऱ्याचा १०,००० भागिले ५, म्हणजे २,००० रुपये. बुडालेल्या मजुरीचे दिवस यात धरलेच नाहीत.

विकत घेतल्यावर निगाही तितकीच हवी. लिथियम बॅटरीचा शत्रू उष्णता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा वेळी पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिक्कीत बॅटरी ठेवू नये आणि कामावरून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जला लावू नये. पूर्ण उतरवूनच चार्ज करावी हा नियम जुन्या निकेल-कॅडमियमचा होता. लिथियमला तो लागू नाही. फुगलेली बॅटरी फोडू नये, जाळू नये.

पक्क्या बिलाचे महत्त्व मी वर सूचित केले आहेच. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला सहसा लागू होत नाही. परंतु स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा कारागीर त्यात ग्राहकच मानला आहे. १९१५ या क्रमांकावर त्याला सल्ला मिळतो आणि जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजाही मोकळा आहे. पण हाती बिल पाहिजे.

पैशांची अडचण असणाऱ्यांनी पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. आपण ज्या दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन पाळतो, त्याच १७ सप्टेंबरला २०२३ साली ही योजना सुरू झाली. सुतार, लोहार, गवंडी अशा १८ व्यवसायांस हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तीत तरतूद आहे. इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर त्या यादीत नाहीत. नोंदणीची चौकशी सीएससी केंद्रात करता येते.

वाचकहो, आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखी कारागिरांच्या घरची मुले-मुली पुष्कळ आहेत. ड्रिलच्या खोक्यावरील मजकूर इंग्रजीत असतो, आणि ज्याला ते हत्यार चालवायचे त्याला बहुधा तो वाचता येत नाही. वडील, काका किंवा भाऊ दुकानात निघाले की आपण सोबत जावे, खोके उलटून व्होल्ट आणि अँपिअर-अवर मोठ्याने वाचावेत, गुणाकार करावा आणि बिल मागून घ्यावे. दुकानदार थोडा नाराज झाला तरी चालेल.