गिअरची सायकल आणि आपली मुले



जून महिन्यात शाळा उघडल्या की पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांतल्या रस्त्यांवर सायकलींची वर्दळ वाढते. शाळा दुसऱ्या गावी असेल तर सहावी व नववीत शिकणाऱ्या खेड्यातल्या मुलामुलींना मध्य प्रदेश शासनाच्या योजनेतून सायकल मिळते. ती साधी, काळी, घंटी-कॅरिअरची सायकल. पण अलीकडे संत्र्याचे चार पैसे हाती आले की मुले वेगळीच सायकल मागतात. जाड टायरची, गिअरची, पुढे झटके खाणारे शॉकअप असलेली, डोंगरात चालवायची सायकल. मुलगा नऊ-दहा वर्षांचा, सायकल पंधरा वर्षांच्या मुलाची. कारण 'पुढे अंगाला येईल' असा आपला हिशेब. कपड्यांना तो हिशेब चालतो, सायकलीला चालत नाही.

मुलांनी एकट्याने सायकल चालवू नये, असे आम्ही म्हणणार नाही. शेतकऱ्याच्या घरी असे म्हणून भागतही नाही. आई निंदणाला, बाप बगीच्यात ओलिताला, आणि शेतात डबा पोहोचवणार कोण, तर सायकलवाला पोरगा. रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गालाही निम्मी मुले सायकलीवरच येतात. त्यांच्या मागे धावायला कोणाला वेळ आहे? तेव्हा मुलावर नजर ठेवता येत नसेल, तर त्याच्या सायकलीवर आणि त्याच्या वाटेवर ठेवावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आधी सायकल. मधल्या दांडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून मूल उभे राहिले असता दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि दांडी व शरीर यांत दोन-चार बोटांचे अंतर राहिले पाहिजे. तसे नसेल तर ती सायकल अजून त्याची नव्हे. या सायकलींचे ब्रेक जोरदार असतात आणि त्यातच गोम आहे. उतारावर, मुरुमावर मुलाने घाबरून पुढचाच ब्रेक करकचून दाबला तर मागचे चाक उचलते आणि मूल हँडलवरून पुढे फेकले जाते. कुठला ब्रेक कुठल्या चाकाचा, हे मुलाला डोळे मिटून सांगता यायला हवे. अंग मागे सरकवून, दोन्ही ब्रेक हळूहळू लावण्याचा सराव खळ्यात तासभर करून घ्यावा. शाळेचे गणित त्यापेक्षा कठीण असते, मुले ते शिकतातच.

या सायकलींना बहुधा घंटी नसते, मडगार्ड नसतो, चेनवर झाकण नसते, दिवा तर नसतोच. घंटी आणि मागे लाल रिफ्लेक्टर थोड्या पैशांत बसतो. हँडलच्या टोकाच्या रबरी मुठी फाटल्या असतील तर त्याच दिवशी बदलाव्यात. त्याचे कारण पुढे येईलच.

आता वाट. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, पण त्याआधीपासूनच नागपूर-बैतूल हमरस्ता चौपदरी होऊन वाहने सुसाट धावत आहेत. सौंसरकडे छिंदवाड्याचा रस्ताही तसाच वाहता. साधारण दहा वर्षांखालच्या मुलाला येणाऱ्या ट्रकचा वेग आणि अंतर यांचा मेळ नीट घालता येत नाही. हा हूडपणाचा दोष नसून वयाचा आहे. रागावून तो जात नाही. अशा मुलाला हमरस्ता एकट्याने ओलांडू देऊ नये, मग ते कितीही हुशार असो. संत्र्याच्या आणि कापसाच्या मोसमात संध्याकाळी ट्रॅक्टर-ट्रॉल्या निघतात, त्यांपैकी कित्येकींना मागे दिवा नसतो. त्या वेळी मूल घरी असावे.

पांदण सुरक्षित, अशी आपली समजूत आहे. गाड्या नसतात हे खरे, पण बगीच्यातल्या कठडा नसलेल्या विहिरी पांदणीला लागूनच असतात, आणि पावसाळ्यात गवत वाढले की तिचा काठ दिसत नाही. ज्यांच्या शेतात अशी विहीर आहे त्यांनी निदान बोराटीच्या काट्यांचे कुंपण वाटेच्या बाजूने घालावे. रानडुकरांसाठी तारेत वीज सोडणारे शेजारी असतील तर त्यांना भेटून बोलावे. सायकल लोखंडाची आहे, आणि थेट लाइनची वीज तारेत सोडणे गुन्हाही आहे. नदी-नाल्यांवरच्या रपट्यावरून पाणी वाहत असेल तर मुलाने मागे फिरावे. वाहते पाणी थोडे दिसले तरी चाकाला आडवे ढकलते. 'शाळा बुडाली तरी रागावणार नाही' हे वाक्य आईबापाने आधीच स्पष्ट बोलून ठेवावे, नाहीतर मूल छडीच्या भीतीने पाण्यात उतरते.

हॉलंड देशात आज मुले बिनघोर सायकलीने शाळेत जातात, हे आपण ऐकतो. पण 1971 साली त्या लहानशा देशात 400 हून अधिक मुले रस्त्यावर मेली होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, आणि पुढच्या काळात सायकलींच्या वाटा वेगळ्या झाल्या. तिथे अकरा-बारा वर्षांच्या मुलांची शाळेतर्फे सायकलची परीक्षा होते. आपला सरकारी रस्ता होईल तेव्हा होईल. पण घर ते शाळा, घर ते शेत एवढ्या दोन वाटा मुलाबरोबर चार वेळा स्वतः सायकलने जाऊन दाखवणे आपल्या हातचे आहे. पाचव्या वेळी त्याला पुढे काढून आपण मागे राहावे. ते कुठे थांबते, कुठे मान वळवून पाहते, यावरून पुढचे ठरवावे. शक्यतो हेल्मेटही घ्यावे. त्याने डोक्याची इजा निम्म्याने तरी टळते. मोटारसायकलचे मोठे हेल्मेट मात्र मुलाच्या डोक्यावर उपयोगाचे नाही, ते मानेला जड होते.

इतके करूनही मूल पडणारच. खरचटलेले गुडघे साबण-पाण्याने स्वच्छ धुवावेत. माती, राख, चुना लावू नये. शेणामातीच्या जागेत धनुर्वाताची भीती असते. त्याची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती राहिली असेल तर घ्यावी, आणि खोल जखमेनंतर डॉक्टरांना विचारावे. लहान भावंडाला मागे बसवले असता पाय चाकाच्या स्पोकमध्ये जाऊन टाच सोलली जाते; अशी जखम वरून साधी दिसली तरी दाखवून घ्यावी.

पण आमचे लक्ष ज्यावर अधिक आहे ती इजा दिसत नाही. पडताना हँडलचे टोक पोटात घुसते. मुठीचे रबर गेलेले असेल तर ती उघडी नळी असते. पोटावर रुपयाएवढा गोल वण, कधी तोही नाही. आत मात्र प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंड फाटलेले असू शकते. मूल उठते, सायकल सरळ करते, घरी येऊन गप्प बसते. त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो: पोट दुखते, उलटी होते, चेहरा पांढरा पडतो, डावा खांदा विनाकारण दुखतो, लघवीत रक्त येते. आपल्याकडे अशा वेळी 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळून घेतात. हे कदापि करू नये. आत रक्तस्राव होत असेल तर चोळण्याने तो वाढतो. खायला-प्यायला न देता मुलाला थेट जिथे सोनोग्राफी आणि शस्त्रक्रियेची सोय आहे तिथे न्यावे. डोक्याला मार लागून मूल क्षणभरही बेशुद्ध झाले, पुन्हा पुन्हा ओकले, झोपाळू झाले, कानानाकातून रक्त वा पाणी आले, तरी थांबू नये.

मूल पडल्याचे सांगत का नाही? सायकल वाकली म्हणून मार बसेल, याची त्याला भीती असते. नवीन सायकलीचे तर विचारूच नका. म्हणून सायकल घरी आणली त्याच दिवशी सांगावे की मोडली तर दुरुस्त करू, पण पडलास तर त्याच दिवशी सांग. आणि पोटावर पडलास तर रडू आले नाही तरी सांग.

मध्य प्रदेशात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. दवाखान्यात जाताना मूल किती वाजता पडले, कशावर पडले, हँडल लागले की दगड, आणि त्यानंतर काय खाल्ले, हे एका चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हाती द्यावे. गडबडीत बोलताना नेमके तेच राहून जाते.