पाचट पेटवण्याऐवजी बुरशीला खायला घातलं तर?

ऊसतोड झाली की कोल्हापूर जिल्ह्यातल्या फडात हेक्टरी ८ ते १० टन पाचट मागे उरतं. बरेच शेतकरी काडी ओढून मोकळे होतात. पण याच पाचटावर बुरशी वाढवून कापड उद्योगाला लागणारं एन्झाइम तयार करता येतं.

ट्रायकोडर्मा रीसी हे त्या बुरशीचं नाव. (बीजप्रक्रियेला वापरतात त्या ट्रायकोडर्माची ही चुलत बहीण.) दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी लष्कराचे तंबू आणि सुती सामान कुजायला लागलं, तेव्हा ही बुरशी हाती लागली. पुढे तिच्यावर काम करणाऱ्या एल्विन रीस यांचं नाव तिला मिळालं. ती सेल्युलेज नावाचं एन्झाइम बाहेर सोडते. ते सुतातल्या सेल्युलोजची साखर करतं आणि बुरशी ती साखर खाते.

गंमत अशी की बुरशीला आयती साखर दिली, तर ती सेल्युलेज बनवणं जवळपास थांबवते. म्हणूनच तिला पाचटासारखं चिवट खाणं लागतं.

पाचट बारीक करून सौम्य अल्कलीत भिजवतात, म्हणजे सेल्युलोजला जखडून ठेवणारं लिग्निन सैल होतं. मग ते धुऊन त्यात गव्हाचा कोंडा मिसळतात, वाफेनं निर्जंतुक करतात आणि ओलसर असतानाच त्यावर बुरशीचे बीजाणू टाकतात. २८ ते ३० अंश तापमानात आठवडाभर ठेवल्यावर ते पाण्यानं धुतात. गाळून निघालेल्या पाण्यात एन्झाइम असतं.

इचलकरंजीसारख्या वस्त्रनगरीत सुती कापडावरची लव काढायला किंवा जीन्सला जुनाट रंग द्यायला हे चालतं. २०२२ मध्ये पानिपतला सुरू झालेल्या इंडियन ऑइलच्या प्रकल्पात भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करतात, तिथेही पेंढ्याची साखर करण्याचं काम एन्झाइमचंच.

मग हे गावोगावी का होत नाही? अडचण उष्णतेची आहे. वाढताना बुरशी तापते. ट्रेमधल्या पातळ थरातून ती उष्णता निघून जाते, मोठ्या ढिगात मात्र आतली बुरशी मरते. शिवाय बाहेरचे जंतू शिरले की सगळा माल वाया.

आणि बगॅस? कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वीज करतात, त्यामुळे त्याला कचरा म्हणणं अवघडच. पाचटही सगळं उचलून चालणार नाही. सरीत कुजलं तर ते जमिनीला सेंद्रिय कर्ब देतं. बुरशीच्या वाट्याला यावं ते फक्त आज पेटवलं जाणारं पाचट.