अण्णांची दोन बिऱ्हाडं

१८७५ साली मुरूडहून काही मुलं साताऱ्याला निघाली, तीही पायी. सरकारी नोकरीची दारं उघडणारी मराठी सहावीची परीक्षा तिथे होती. कोकणातून सह्याद्री चढून, पावसापाण्यातून शंभरावर मैल तुडवायचे होते. ती मुलं पोचलीही. पण त्यांतला एक किरकोळ अंगाचा, बुटका मुलगा परीक्षकांना सतरा वर्षांचा वाटेना, आणि वयाच्या शंकेवरून त्यांनी त्याला परत धाडलं. धोंडो केशव कर्वे हे त्याचं नाव. पुढे त्याने कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. हा प्रसंग चरित्रांतून नेहमी जिद्दीचा नमुना म्हणून येतो. मला त्यात जास्त दिसतो तो कर्व्यांचा स्वभाव. समोरचं दार बंद झालं तर त्यावर ते धडका देत बसत नाहीत. मुकाट्याने दुसऱ्या गावची वाट धरतात. या स्वभावाने संस्था उभ्या केल्या आणि घरच्यांना पुष्कळ सोसायलाही लावलं.

महर्षी, भारतरत्न, १०४ वर्षांचं आयुष्य या सगळ्याने कर्व्यांच्या चेहऱ्याभोवती इतकं तेज जमलं आहे की त्यामागचा गणिताचा मास्तर आणि चार मुलग्यांचा बाप झाकूनच गेला. घरीदारी सगळे त्यांना अण्णा म्हणत. लेखभर मीही तेच म्हणणार आहे.

अण्णांचं मॅट्रिक उशिरा झालं, १८८१ मध्ये. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये बी.ए. झाले, तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले त्यांचे सहाध्यायी होते. पुढची काही वर्षं मुंबईत शिकवण्यांची आणि शाळांची धावपळ चालली. एका शाळेचा तास संपवून दुसरी शाळा गाठायची, आणि पहाटेची शिकवणी वेगळीच. त्या शाळांमध्ये इंग्रजी माध्यमाच्या मुलींच्या शाळाही होत्या. स्त्रीशिक्षण हे अण्णांचं ब्रीद पुढे झालं. मुली गणित शिकू शकतात हे त्याआधीच त्यांनी फळ्यापाशी उभं राहून रोज पाहिलं होतं.

त्या वेळचं त्यांचं मुंबईतलं बिऱ्हाड म्हणजे निम्मी खानावळ आणि निम्मं वसतिगृह. पत्नी राधाबाई, लहानगा रघुनाथ, मित्र नरहरपंत जोशी आणि शिकायला आलेली नात्यागोत्यातली मुलं. याच घरात राहून शिकलेला एक मुलगा म्हणजे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. तो १८९९ मध्ये केंब्रिजचा सीनियर रँग्लर झाला आणि १९०२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजचा प्राचार्य. आता गंमत अशी की तोवर अण्णा त्याच कॉलेजात गणित शिकवत होते. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे १९१४ पर्यंत, त्यांनी आपल्या घरी वाढलेल्या मुलाच्या हाताखाली नोकरी केली. याबद्दल त्यांनी कधी तक्रार केल्याचं वाचनात येत नाही. शिक्षकाला शिष्याचा अभिमान वाटतो असं आपण सहज बोलून जातो. शिष्य साहेब होऊन बसल्यावर तो टिकवणं वेगळी गोष्ट आहे.

फर्ग्युसनचं बोलावणं १८९१ मध्ये आलं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून टिळक बाहेर पडले होते, गणिताला माणूस हवा होता आणि गोखल्यांना आपला जुना सहाध्यायी आठवला. त्याच वर्षी राधाबाई गेल्या. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता.

तिशी ओलांडलेल्या, पोटापुरतं कमावणाऱ्या विधुराला कुमारी वधू मिळायला त्या काळी अडचण नव्हती. दहा-बारा वर्षांच्या मुलींचे बाप उंबरठे झिजवत. अण्णांनी विधवेशीच लग्न करायचं ठरवलं, आणि ती वधू त्यांच्या बिऱ्हाडाला परकी नव्हती. नरहरपंतांची बहीण गोदू बालपणीच विधवा झालेली. भावाने तिला मुंबईला आणलं, आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात लग्न झालं आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. घरात आणि पुढे महाराष्ट्रात त्या 'बाया' म्हणूनच ओळखल्या गेल्या.

मुरूडने या जोडप्याला वाळीत टाकलं. यातला कडवटपणा कळायला आधीची एक गोष्ट ठाऊक हवी. नोकरीधंद्याला बाहेर पडलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतला थोडा वाटा गावाच्या कामासाठी बाजूला काढावा, अशा कल्पनेचा 'मुरूड फंड' अण्णांनीच खटपट करून उभा केला होता. ज्या गावासाठी झोळी फिरवली त्याच गावात सख्ख्या आईच्या पंगतीला बसायची चोरी झाली.

पण मला सर्वांत जास्त विचारात पाडतं ते याच्या पुढचं. लग्नाच्याच वर्षी अण्णांनी पुनर्विवाहाला उत्तेजन देणारी मंडळी काढली. थोड्याच काळात त्यांनी हिशेब मांडला: पुनर्विवाहाला तयार होणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या, पण शिकून पायावर उभं राहायला आलेल्या विधवा असंख्य. म्हणून १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम. पुण्यात प्लेगने ठाण मांडल्यावर १९०० मध्ये आश्रम गावाबाहेर हिंगण्याला हलला. रावबहादूर गोखल्यांनी दिलेली सहा एकर जागा, साडेसातशे रुपये आणि एक झोपडी, एवढंच तिथलं भांडवल. आश्रमात विधवांना पाठवायला आणि देणगी द्यायला सनातनी घरं तयार व्हावीत, म्हणून आश्रमाचा आणि पुनर्विवाहाचा संबंध नाही हे उघड दिसणं भाग होतं. आणि संस्थापकाच्या घरात तर पुनर्विवाहिता! तेव्हा बायांनी आश्रमापासून लांब राहायचं ठरलं. विधवांसाठी उभारलेल्या घरात संस्थापकाच्या बायकोला, जी स्वतः विधवा होती तिला, मोकळेपणी वावरता येईना.

अशी अण्णांची दोन बिऱ्हाडं झाली. एक पुण्यात, बायकामुलांचं. दुसरं हिंगण्यात, विधवांचं. मध्ये काही मैलांचा कच्चा रस्ता. कॉलेजातले तास उरकून अण्णा रोज ती वाट चालत. पावसाळ्यात चिखल, खांद्यावर आश्रमाचं सामान. तिकडे गेल्यावर पुन्हा शिकवणं, हिशेब, आजारपणं. या वाटेवर अण्णांचे पाय किती झिजले ते सगळ्यांनी लिहिलं. वाटेच्या अलीकडच्या टोकाला संध्याकाळी मुलांना घेऊन एकटी बसणारी बाई काय करत होती, ते तिनेच लिहिलं म्हणून कळतं.

बायांचं 'माझे पुराण' १९४४ मध्ये निघालं. अण्णांचं 'आत्मवृत्त' १९१५ चं. ही दोन पुस्तकं मी शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि कुणालाही तसंच सांगेन. अण्णांची भाषा हिशेबनीसाची आहे: नेमकी, संकोची, स्वतःची चूकही जमाखर्चात टाकणारी. बायांची भाषा चुलीपुढची, तिखट. अण्णांनी आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसी आश्रमाला देऊन टाकली. जगाच्या दृष्टीने हा त्याग. बायांच्या दृष्टीने तो साधा प्रश्न होता: उद्या तुमचं काही झालं तर ही पोरं कुणाच्या दारात उभी करू? विधवेच्या वाट्याला काय येतं हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी भांडण केलं, रडल्याही, आणि मग पदर खोचून कमवायला लागल्या. नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं. घर चाललं त्यात त्या कमाईचाही वाटा होता.

वसंत कानेटकरांनी १९७२ मध्ये या जोडप्यावरून 'हिमालयाची सावली' लिहिलं. नाटक मोठं आहे, पण नावाशी माझं जमत नाही. सावलीला स्वतःचं मत नसतं. बायांना ते भरपूर होतं. शिवाय त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हिंगण्याच्या आश्रमाचा आधारस्तंभ झाली, वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडली, १९१८ मध्ये तुटपुंज्या इंग्रजीवर थेट अमेरिकेला गेली. ती विधवाच राहिली होती, म्हणून तिला आश्रमाचं दार उघडं होतं. जोश्यांच्या दोघी मुली: एक उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. अण्णांच्या मुत्सद्देगिरीची किंमत बायांनी भरली असं माझं मत आहे. मात्र ती मुत्सद्देगिरी चुकीची होती असं म्हणायला मी धजत नाही. तिच्यावाचून आश्रम चार वर्षं तरी टिकला असता का, शंकाच आहे.

महिला विद्यापीठाची हकिगत सर्वांना ठाऊक आहे. जपानमधल्या महिला विद्यापीठाचं माहितीपत्रक, १९१६ ची स्थापना, १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या नावाने दिलेले पंधरा लाख. ती इथे लांबवत नाही.

मुलांकडे वळतो. मास्तराच्या घरातली मुलं बापाच्या बोलण्यापेक्षा चालण्याकडे पाहून शिकतात, आणि चौघांनी बापाचा हट्ट चार बाजूंनी उचलला. शंकर डॉक्टर होऊन मोम्बासाला गेला. दिनकर फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवून प्राचार्य झाला. त्याची पत्नी इरावती, 'युगान्त'ची लेखिका. थोरला रघुनाथ १८९९ मध्ये मॅट्रिकला पहिला आला, बापासारखाच गणिताचा प्राध्यापक झाला आणि संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गमावून बसला. १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, त्याने 'समाजस्वास्थ्य' चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्याच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. देणगीदार बिचकू नयेत म्हणून अण्णांनी बायकोला आश्रमाबाहेर ठेवलं. रघुनाथने वर्गणीदार बिचकतील म्हणून एक ओळही बदलली नाही. बापलेकांत फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे. अण्णांना संस्था सांभाळायच्या होत्या. रघुनाथने गमावता येईल असं काही जवळ ठेवलंच नाही.

राहिला धाकटा भास्कर. तो आणि त्याची पत्नी कावेरी हिंगण्याच्याच संस्थेत कामाला लागले. एके काळी ज्या आवारात सासूला वावरायची चोरी होती तिथे सून राजरोस काम करू लागली. आणि 'माझे पुराण'चं संपादन केलं तेही कावेरीबाईंनीच. बाया १९५० मध्ये गेल्या. अण्णांना भारतरत्न १९५८ मध्ये मिळालं, त्याच वर्षी शंभरी भरली आणि हयात असताना टपाल तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय ठरले. हिंगण्याची संस्था आता दरवर्षी कर्तबगार स्त्रीला एक पुरस्कार देते. त्याचं नाव आहे बाया कर्वे पुरस्कार.